लाल वर

डोकं धडावर बसेना. मी ठेवलं की ते बाजूला उडायचं. दुसऱ्यांदा उडालं ते टेबलाखाली गेलं आणि मला गुडघ्यांवर बसून टॉर्चने शोधावं लागलं.

डोकं रणगाड्याचं होतं, अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं. टरेट हा त्याचा खरा शब्द; पण बाबा आणि मी वरच्या फिरणाऱ्या भागाला पहिल्यापासून डोकं म्हणतो आणि खालच्या भागाला धड. आमचं सैन्य कुठल्याच देशाचं नाही. बाबा दुकानातून तयार संच आणतात आणि त्यातले रणगाडे कापून, जोडून वेगळेच करून टाकतात. तोफेला पितळेची बारीक नळी लावतात, मागच्या बाजूला सामानाच्या पेट्या बसवतात, टिश्यू पेपर डिंकात भिजवून ताडपत्रीच्या वळकट्या करतात. मग बाबा दादा-वहिनीबरोबर राहतात त्या गावाहून रणगाडे पार्सलने माझ्याकडे येतात आणि मी रंगवते. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत आमचा क्लब भरतो, तिथे मोठ्या टेबलावर या सैन्याच्या लढाया होतात. रणगाड्याला मार बसला की त्याचं डोकं काढून शेजारी ठेवायचं, ही खेळातली खूण. म्हणून डोकं चिकटवून चालत नाही. धडात एक चपटा चुंबक, डोक्यात एक. फिरवलं की फिरतं, ओढलं की निघतं.

मी ते डोकं उलटं करून धडावर धरलं. टक्कन चिकटलं. म्हणजे चुंबक उलटा बसला होता.

दुसऱ्या रणगाड्याचं डोकं घेतलं. तेही उडालं. तिसऱ्याचंही. पार्सलमधली सगळी डोकी उलटी निघाली.

एखादं असतं तर मी चूक म्हटलं असतं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एका नमुन्यात दोष निघाला तर आम्ही बाटलीवर संशय घेतो. सगळ्या नमुन्यांत सारखाच निघाला तर विहिरीवर.

"बाबांचं वय झालं," नवरा म्हणाला. तो खुर्चीच्या पायाला रबर बसवत होता. "चुकले असतील."

"बाबा यात चुकत नाहीत."

"माणूस आहे, चुकणार."

"माणूस कधी बरोबर, कधी चूक असतो. हे सगळं सारखं चूक आहे."

"पोलीस खात्यात जायला हवं होतंस तू. पाण्याची नासाडी झाली नुसती."

बाबा यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. चुंबकांची त्यांची पद्धत मी लहानपणापासून पाहत आले आहे. ते सगळे चुंबक एकावर एक चढवून त्यांची चळत करतात. चळतीत ते आपोआप एकाच दिशेने बसतात. मग वरून एकेक काढताना प्रत्येकाच्या वरच्या बाजूला लाल मार्करने ठिपका द्यायचा. बसवताना नियम एकच: लाल वर. धडात लाल वर, डोक्यातही लाल वर. मग कुठलंही डोकं कुठल्याही धडावर बसतं. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या सैन्यात एकही डोकं फिरलेलं नाही, असं बाबा इकडे आले की क्लबमधल्या लोकांना सांगायचे, आणि वर "माणसांबद्दल बोलत नाही मी," असंही.

हे रणगाडे बाबांनी केलेले नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं. आणि एकदा घेतलं म्हटल्यावर बाकीच्या गोष्टी आपल्या पायांनी चालत आल्या.

बाबा कानस एकाच दिशेने चालवतात, त्यामुळे त्यांच्या कडांवर भिंगाखाली तिरक्या बारीक रेघा दिसतात. या कडांवर रेघा नव्हत्या. कडा गुळगुळीत होत्या, जवळजवळ चमकत होत्या. मागच्या पार्सलमध्येही कडा तशाच होत्या, डोकी मात्र नीट बसली होती. मी तेव्हा म्हटलं होतं, बाबांनी नवी कानस घेतली असेल.

दादा पूर्वी येताजाता फोन करायचा. हल्ली करत नव्हता. मी केला तर "मीटिंगमध्ये आहे गं" म्हणून ठेवायचा. दादाच्या नोकरीत इतक्या मीटिंगा असतील असं मला वाटत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे व्हिडिओ कॉल. बाबा बोलत माझ्याशी, पण बघत भलतीकडे. फोनच्या डावीकडे, जरा वर. जणू तिथे कोणी उभं राहून त्यांना काय बोलायचं ते सुचवत होतं. मी एकदा विचारलं, "बाबा, शेजारी कोण आहे?" तर ते म्हणाले, "कोणी नाही," आणि मागून वहिनीच्या बांगड्या वाजल्या.

मी वहिनीला फोन लावला.

"बाबा आहेत का?"

"आहेत ना ताई. पण आत्ता पडलेत."

"पडले?"

"अहो, आडवे पडलेत! झोपलेत. तुम्ही तर माझा जीवच काढलात."

"तब्येत बरी आहे ना?"

"एकदम ठणठणीत. सकाळी माझ्याशी भांडले सुद्धा."

"कशावरून?"

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग, "असंच. पंख्यावरून. पार्सल मिळालं का तुम्हाला?"

"मिळालं. बाबांनीच केलं ना सगळं?"

"मग कोण करणार?"

प्रश्नाला प्रश्न. चुंबकाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. निष्कर्ष हाती येण्याआधी नमुना ज्याचा त्याला दाखवायचा नसतो. वहिनीनेही पुढे काही विचारलं नाही. एरवी ती पार्सल नीट मिळालं का, काही तुटलं का, अशी मागेच लागते.

"घर कोणाच्या नावावर आहे?" रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने सहज विचारलं.

"बाबांच्या. का?"

"काही नाही."

हा विचार माझ्या मनात त्याच्या आधीच येऊन गेला होता. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र मला नवऱ्याचाच राग आला.

आई गेली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बाबांचे हातपाय चालताहेत तोवर राहू देत इथे. पुढे मी नेणार." वहिनी उठून कप विसळायला गेली होती. आता बाबांना काही झालं असेल आणि ते माझ्यापासून लपवायचं असेल, तर काय करायचं? पार्सलं चालू ठेवायची. बाजारातून कोणाकडून तरी रणगाडे करून घ्यायचे आणि बाबांच्या नावाने धाडायचे. पार्सल आलं की पोरगी समजणार, बाबा टेबलाशी बसलेत.

हे सगळं नीट जुळत होतं. मला मात्र फार नीट जुळणाऱ्या आकड्यांची सवयीने धास्ती वाटते.

रविवारी मी चुंबक काढायला बसले. डोकं उलटं धरून डाव्या हाताच्या चिमटीत पकडलं, कारण चुंबक खालच्या बाजूने बसवलेला असतो आणि पोटात बघायचं तर ते उताणंच करावं लागतं. समोर चुंबक, चुंबकावर लाल ठिपका, माझ्याकडे बघत.

लाल वर.

डोकं उताणं होतं आणि लाल वर होतं. ज्याने कोणी हे बसवलं होतं त्याने नियम मोडला नव्हता, अगदी काटेकोर पाळला होता. फक्त "वर" म्हणजे रणगाडा उभा असतानाचं वर, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने हातात धरलेल्या उताण्या डोक्याचं वर धरलं. धडात ही भानगड नाही, धड सुलटंच असतं, म्हणून धडं सगळी बरोबर होती.

पाहून शिकलेला माणूस असं करणार नाही. ही चूक हाताची नव्हती, कानाची होती. बाजारातल्या कोणा कारागिराला आमचा लाल ठिपका ठाऊक असायचं कारण नाही. म्हणजे बाबा शेजारी बसून तोंडाने सांगत होते आणि दुसरं कोणीतरी ऐकून करत होतं.

बाबा बोलत होते, तेव्हा डोकं शाबूत होतं. मग हात? स्वतःच्या हाताने का नाही? आणि चूक झालेली त्यांना दिसली कशी नाही?

"अर्धांग," मी नवऱ्याला म्हणाले. "एक बाजू गेली असणार. म्हणून कॅमेरा नेहमी चेहऱ्याजवळ असतो."

या वेळी तो चेष्टेत काही बोलला नाही. "जाऊन ये," म्हणाला. "मी मागची खोली रिकामी करतो. लागलीच तर."

"कळवू का त्यांना?"

"तू कळवणारेस?"

नव्हतेच कळवणार.

बुधवारी रजा टाकून मी दुपारी बाबांच्या घराच्या फाटकाशी उतरले. पुढच्या खोलीत वहिनीचं ब्युटी पार्लर आहे. दाराला काच आणि काचेला आतून अर्धा पडदा. दार किलकिलं होतं. फाटक मी हळूच उघडलं. का हळूच, ते सांगायला नको.

आतून बाबांचा आवाज आला, खणखणीत.

"बसव आता. फिरव."

"बसवते... ई! उडालं!"

"उडालं म्हणजे?"

"म्हणजे उडालं, बाबा. तिकडे टॉवेलात गेलं."

"परत ठेव. आण इकडे, मला दे हातात." टॉवेल झटकल्याचा आवाज. "अगं, हे ढकलतंय! लाल वर ठेवलंस ना?"

"वरच ठेवलंय! तुमच्यादेखत... म्हणजे, तुमच्यासमोर ठेवलं की."

"कुठलं वर? तुझं वर की त्याचं वर?"

"त्याचं वेगळं वर असतं? मला काय माहीत! तुम्ही म्हणालात वर, मी ठेवलं वर. आभाळाकडे. आणखी कुठे असतं वर?"

"अगं, उताणं धरलंय ना ते! उताण्या माणसाचं वर म्हणजे पोट!"

"मग तसं सांगायचं!"

"म्हणजे गेल्या पार्सलला पहिल्यांदाच चुंबक तुझ्या हाती दिले, ती सगळी..." बाबा थांबले. "तेव्हा बसवून पाहिली होतीस का तू?"

"कुठून बघणार? डिंक ओला होता. तुम्हीच घाई लावली, आजच टाक, ती फोनवर उलटसुलट विचारतेय म्हणून."

"चिमटीचा त्यावर काही फोन?"

चिमटी म्हणजे मी. लहानपणी बाबांना चिमट्याने एकेक भाग उचलून द्यायचे, तेव्हापासूनचं नाव.

"आला होता. पण चुंबकाचं काही बोलल्या नाहीत."

"बोलली नाही?" बाबा हळू आवाजात म्हणाले. "सगळी डोकी उलटी गेलीत आणि ती बोलली नाही? मग संपलं. तिला कळलंय. ती येणार."

मी तोवर दारात पोचले होते. आत आरशासमोरच्या खुर्चीत एक बाई तोंडाला फेस पॅक लावून मागे रेलल्या होत्या. पॅक वाळत आलेला असावा, कारण त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. आरशात त्यांनी मला पाहिलं. भुवया वर गेल्या आणि कपाळावरच्या पॅकला भेगा पडल्या.

"दाआत," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "दाआत कोई आहे."

वहिनी वळली. तिच्या एका हातात रणगाड्याचं धड होतं आणि दुसऱ्या हातात नखांची कानस, ती पिवळी, बारीक खरखरीची, शेवटी नखाला चमक आणायला वापरतात ती. गुळगुळीत कडांचा प्रश्न सुटला. वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला.

बाबा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत होते, गळ्यात भिंगाचा दिवा लटकवलेला. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, दोन्ही ठीक. त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि मग नजर माझ्यावरून काढून माझ्या खांद्यापलीकडे, दाराच्या चौकटीवर नेली. तिथे कोणी नव्हतं.

तेव्हा मला कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं याची लाज वाटली. ते कोणाकडे बघत नव्हते. मी दिसावी म्हणून बाजूला बघत होते.

मी न बोलता उजव्या हाताची बोटं वर केली.

"बोटं मोजायला लावू नकोस," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी पुष्कळ लावली. मधोमध डाग आहे, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं. तुझे कान झकास दिसताहेत. मधे चेहरा नाहीये."

"कधीपासून?"

"हळूहळू. असं काही तारीख ठरवून येत नाही ते."

"उपचार?"

"चालू आहेत. इंजेक्शनं घेतो. आहे ते टिकलं तरी पुष्कळ, म्हणतात."

"आणि मला सांगायचं नाही असं कोणी ठरवलं?" हे मी वहिनीकडे बघून विचारलं. "फोनवर ठणठणीत म्हणता. दादा मीटिंगमध्ये."

"त्याच्या पोटात काही राहत नाही," बाबा म्हणाले. "तुझ्याशी दोन मिनिटं बोलला असता तर ओकला असता. म्हणून त्याला मीच मीटिंगमध्ये पाठवलं."

"मी वहिनींना विचारतेय."

वहिनीने धड ट्रेमध्ये ठेवलं. मग कानसही शेजारी आडवी ठेवली. "तुम्ही घेऊन गेला असतात, ताई. तुम्हीच म्हणाला होतात, हातपाय चालेनासे झाले की नेणार. मग मी कशाला सांगू? प्रत्येक फोनला वाटायचं, हिला कळलंय आणि ही तोंडून वदवून घेतेय. सरळ विचारतच नाही तुम्ही कधी. आज पण बघा, चोरासारखं फाटक उघडलंत. एरवी ते केवढ्यांदा वाजतं."

मी मागे वळून पाहिलं. फाटक अजून उघडंच होतं.

"वहिनी, तोंड," खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. "आवळायला लागलंय."

वहिनी ओला स्पंज घेऊन तिकडे गेली आणि त्यांचं तोंड पुसू लागली, जरा जास्तच जोरात.

मी बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. ट्रेमध्ये धडं ओळीने मांडलेली होती. नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत खिळे, नळ्या, चुंबक. प्रत्येक बाटलीच्या झाकणावर डिंकाचे उंचवटे, बोटांनी ओळखायला.

"हिला कानस चालवता येते," बाबा हळूच म्हणाले. "मला काय माहीत होतं? इतकी वर्षं शेजारच्या खोलीत लोकांची नखं घासतेय. फार गुळगुळीत करते, पण सांगितलं तर ऐकते. चार वेळा भांडून."

"तिकडे माझ्याकडे चांगले डॉक्टर आहेत."

"असतील. इथे मला जिन्याची शेवटची पायरी कुठे आहे ते ठाऊक आहे. न्हाणीघरातला गरम नळ कुठला, गार कुठला, साबण कुठे घसरतो. तुझ्याकडे हे सगळं आंधळ्याने शिकायचं. तू नेशील, चांगल्या मनाने नेशील. तेच वाईट आहे, त्याला नाही म्हणता येत नाही."

"तुम्ही नाही म्हणून तर पाहायचं."

"म्हणतो. नाही."

स्पंजचा आवाज थांबला होता.

"मागची खोली रिकामी करायला घेतलीय आम्ही," मी म्हणाले. "आतापर्यंत कपाट हललं असेल."

वहिनी आरशातून माझ्याकडे बघत होती.

"आता तिथे माझं रंगकामाचं टेबल जाईल," मी म्हणाले. "जेवणाच्या टेबलावर रंगवते म्हणून रोज बोलणी खाते."

बाबांनी खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवली. वहिनीने मात्र लगेच विश्वास ठेवला नाही. ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. मीही ठेवला नसता.

"पण एक," मी म्हणाले. "मी रंगवून फोटो पाठवायचे, त्यावर तुम्ही बोलायचात. पेटीवरचा गंज एकाच बाजूला दिलास ते बरं केलंस, म्हणून. ते कुठून दिसलं तुम्हाला?"

बाबा ओशाळे हसले. "मला नाही दिसलं. ही वर्णन करायची, मी बोलायचो."

"सगळं?"

"शिव्या माझ्या होत्या. कौतुक हिचं."

कित्येक महिने त्या कौतुकावर मी खूश होते. बाबा पूर्वी "ठीक" याच्यापुढे जात नसत. हल्ली बारकाव्याने बोलतात, वय झाल्यावर मऊ झालेत, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं. संशयाच्या माझ्या यादीत ही एकच गोष्ट मी घेतली नव्हती.

बॅगेत मी एक रंगवलेला रणगाडा आणला होता, बाबांपुढे ठेवून त्यांची परीक्षा घ्यायला. तो काढला आणि वहिनीपुढे धरला. तिने हात पुसले, तो खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवला, नखाने ताडपत्रीची वळकटी चाचपली.

"छान आहे."

"हे फोनवरचं छान झालं," बाबा म्हणाले. "समोर बसलीय ती. खरं सांग."

"रागावतील."

"रागावू दे. तिचा चेहरा मला दिसत नाही, मला काय भीती?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, रणगाड्याकडे पाहिलं. "हिरवा जरा आजारी वाटतो, ताई. खाली पिवळं जास्त झालंय का?"

खुर्चीतल्या बाईही वाकून बघू लागल्या. त्यांचं तोंड आता लाल आणि स्वच्छ होतं. "हो, काविळीसारखा आहे," त्या म्हणाल्या.

"तो मुद्दाम तसा ठेवलाय," मी म्हणाले. "उन्हात उभा राहून विटलेला दाखवायचाय."

"हो का? मग ठीक," वहिनी म्हणाली, आणि रणगाडा पुन्हा उजेडाकडे वळवला. तिला ते अजिबात पटलेलं नव्हतं.